तांबी आत असताना दिवस गेले, तर काढायची कधी, कशी आणि कुठे थांबायचं?

रात्रपाळी यांचा प्रश्न

कॉपर-टी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत बसवतात ती तांबी, असलेल्या बाईची पाळी चुकते, लघवीची तपासणी पॉझिटिव्ह येते आणि ती समोर बसून विचारते, "तांबी काढली तर गर्भ पडेल का? ठेवली तर बाळाला लागेल का?" पुस्तकात याला जेमतेम एक परिच्छेद मिळतो. ओपीडीत मात्र एक डॉक्टर म्हणतात "हात लावू नका" आणि दुसरे म्हणतात "आत्ताच्या आत्ता ओढून काढा". बिचारी बाई दोघांच्या मधे अडकते.

तीन प्रसंग धरून सांगाल का? एक, सातवा आठवडा, गर्भ हवा आहे, दोरे पिशवीच्या तोंडाशी दिसताहेत. दोन, अकरावा आठवडा, दोरे दिसत नाहीत. तीन, सोळावा आठवडा, तांबी आतच राहिलेली आणि बाई ताप घेऊन आली. पहिल्या भेटीत काय तपासायचं, ओढायचं म्हणजे नेमकं कसं, आणि काढता आलीच नाही तर पुढचे महिने कशावर लक्ष ठेवायचं? मिरेनासारखं हार्मोनचं उपकरण असेल तर यात काय बदलतं तेही सांगा.

---

लेबर रूम यांचं उत्तर

तुमचे तिन्ही प्रश्न तांबीपासून सुरू होतात. मी त्याच्या एक पाऊल मागून सुरुवात करते, गर्भ कुठे आहे इथून. पिशवीतच आहे हे ठरेपर्यंत दोऱ्याला हात लावायचा नाही.

कारण साधं आहे. कॉपर-टी ३८०-ए बसवलेल्या १००० बायकांपैकी पहिल्या वर्षात साधारण ६ ते ८ जणींना दिवस जातात, ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या (मिरेनासारख्या, हार्मोनच्या) उपकरणात १ ते २ जणींना. एकूण गर्भधारणाच इतक्या कमी, म्हणून तांबी असलेल्या बाईला गर्भनळीत गर्भ राहण्याचा धोका काहीच न वापरणाऱ्या बाईपेक्षा कमीच असतो. पण तांबी असूनही दिवस गेलेच, तर त्या मोजक्या जणींमध्ये नळीतल्या गर्भाचं प्रमाण बरंच जास्त भरतं. कॉपर-टीमध्ये साधारण सहा-सातांत एक, आणि हार्मोनच्या उपकरणात चारांत एकापासून निम्म्यापर्यंत आकडे नोंदले गेले आहेत. "तांबीने नळीतला गर्भ होतो" हे वाक्य चूक आहे. "तांबी असताना पाळी चुकली तर आधी नळी आठवा" हे बरोबर आहे.

म्हणून पहिल्या भेटीत नाडी, रक्तदाब, पोटात एका बाजूला दुखतंय का, खांद्यात कळ येते का, चक्कर आली होती का हे बघा. मग योनिमार्गे सोनोग्राफी. पिशवीत गर्भकोश आणि त्यात योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी बारीक गोल पिशवी) दिसली की गर्भ पिशवीत आहे असं म्हणायचं. नुसतं काळं वर्तुळ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, नळीत गर्भ असताना पिशवीत साठलेलं पाणी कोशासारखंच दिसू शकतं. काहीच दिसत नसेल तर बीटा एचसीजी (गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी) करा आणि ४८ तासांनी पुन्हा करा. पहिला आकडा १५०० च्या खाली असेल तर वाढत्या गर्भात तो ४८ तासांत किमान ४९ टक्के वाढायला हवा. ३५०० च्या वर जाऊनही पिशवी रिकामी असेल तर सहसा दोनच शक्यता उरतात, एक तर गर्भ पडून गेला आहे, नाही तर तो दुसरीकडे आहे. नाडी वेगात, रक्तदाब खाली आणि पोटात रक्त असेल तर आकड्यांची वाट पाहत बसायचं नाही, थेट ऑपरेशन थिएटर.

हिमोग्लोबिन आणि रक्तगट याच भेटीत करून घ्या. आर-एच निगेटिव्ह असेल तर गर्भ पडला, नळीत निघाला किंवा उपकरणं घालून तांबी काढावी लागली, अशा वेळी अँटी-डी (आर-एच निगेटिव्ह आईला द्यायचं इंजेक्शन) लागू शकतं. बारा आठवड्यांच्या आत ते द्यायचं की नाही याबद्दल वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचना सारख्या नाहीत. तुमच्या रुग्णालयाचा लेखी नियम आधीच वाचून ठेवा.

आता तुमची पहिली बाई. सातवा आठवडा, गर्भ पिशवीत, दोरे दिसताहेत. माझं उत्तर स्वच्छ आहे, त्याच भेटीत काढा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हाच आहे. दोरे दिसत असतील किंवा तोंडाच्या नळीतून सुरक्षित धरता येत असतील तर तांबी काढावी. तिला दोन्ही बाजू खऱ्या सांगा. तांबी आत ठेवली तर जुन्या अभ्यासांत जवळपास निम्मे गर्भ पडले. लवकर काढली तर हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास आलं. काढताना किंवा पुढच्या काही दिवसांत गर्भ पडू शकतो, हे लपवायचं नाही. काढल्यानेही धोका तांबी कधीच नसलेल्या बाईइतका खाली येत नाही, हेही सांगायचं. पण ठेवण्यापेक्षा काढणं बरं, आणि गर्भ जितका लहान तितकं काढणं सोपं.

काढायची रीत अशी. लघवी करून यायला सांगा. स्पेक्युलम (योनी उघडी ठेवायचं उपकरण) घाला, पिशवीचं तोंड नीट उजेडात आणा, अँटिसेप्टिकने पुसा. दोन्ही दोरे एकत्र, तोंडाच्या अगदी जवळ, सरळ आर्टरी फोर्सेप्सने धरा. लांब टोकाला धरलं तर दोरा ताणला जातो आणि तुटतो. मग सरळ खाली, आपल्याकडे, सावकाश आणि एकसारखी खेच द्या. झटका नाही, पिळणं नाही. चांगली बसलेली तांबी सुद्धा थोडा अडथळा दाखवून मग घसरत येते. दांडा तोंडात दिसला की दोरा सोडून दांडाच धरा.

न सरकणारी तांबी जोर लावून काढायची नाही. बाईला तीव्र कळ आली, ताजं रक्त वाहायला लागलं किंवा दोरा ताणून दांडा जागचा हलत नसेल, तर थांबा आणि सोनोग्राफीत ती नेमकी कुठे आहे ते बघा. टेनॅक्युलम (तोंड धरायचा टोकदार चिमटा) शक्यतो नको, गरोदरपणात तोंड मऊ आणि रक्ताने भरलेलं असतं, टोचलं की वाहतं. धरायचंच असेल तर स्पंज होल्डरने पुढचा ओठ हलका धरा. आणि अपयश आलं म्हणून दोरे कापून टाकू नका, पुढे तांबीचा माग लागायला तीच एक खूण असते.

बाहेर आलेली तांबी ट्रेमध्ये टाकून मोकळं होऊ नका. ३८०-ए असेल तर टी ३२ मिलिमीटर रुंद, ३६ मिलिमीटर लांब, दोन्ही हातांवर तांब्याची एकेक नळी आणि दांड्यावर तार. दोन्ही हात पुरे आहेत का ते मोजा आणि कागदावर लिहा. मोडलेला हात आत राहणं दुर्मीळ आहे, पण "पूर्ण काढली" असं लिहिलेल्या फाइलमुळे पुढे कोणी तो शोधतच नाही.

काढल्यावर हृदयाचे ठोके पुन्हा बघा, आणि आठवडाभराने एकदा. सरसकट अँटिबायोटिक द्यायची गरज नाही. सलग दोन तास तासाला दोन पॅड भिजतील इतकं रक्त, ३८ अंशांवर ताप, घाण वासाचा स्राव, थांबून थांबून येणाऱ्या कळा, यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजताही यायचं, हे तिच्या घरच्यांसमोर सांगा.

---

सोनो कक्ष यांचं उत्तर

लेबर रूम मॅडमनी पहिला भाग पूर्ण केला आहे, मी दुसऱ्या बाईवर येतो. अकरावा आठवडा, दोरे दिसत नाहीत.

दोरे न दिसण्याची चार कारणं असतात. पिशवी वाढली आणि दोरे तोंडातून वर ओढले गेले, गरोदरपणात हे सगळ्यात जास्त दिसतं. दोरे तोंडाच्या नळीत गुंडाळून बसले. तांबी नकळत पडून गेली आणि त्यामुळेच दिवस गेले. किंवा तांबी पिशवीची भिंत भेदून पोटात गेली, तीही गर्भ रोखू शकली नाही. पहिल्या दोन शक्यतांत तांबी आत आहे, उरलेल्या दोनांत नाही. बाईला यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे "पडली असेल" हा शब्द रिपोर्टमध्ये लिहूच नका.

रिपोर्ट लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. "तांबी दिसते" एवढं पुरत नाही. काढणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात. दांड्याचं खालचं टोक तोंडाच्या आतल्या छिद्रापासून किती मिलिमीटरवर आहे. तांबी गर्भकोशाच्या खाली आहे, शेजारी आहे की वर. वार कुठे लागते आहे आणि तांबी तिच्या वाटेत येते का. एखादा हात स्नायूत रुतला आहे का. कोशाच्या खाली, तोंडाकडे सरकलेली तांबी काढायला सगळ्यात सोपी, आणि बहुतेकदा तीच गर्भ राहण्याचं कारणही असते. कोशाच्या वर, पिशवीच्या माथ्याशी अडकलेली तांबी ओढली तर ती कोशाला घासतच खाली येणार. माझं मत, ती कोणीही बाहेरच्या ओपीडीत ओढू नये.

कॉपरची तार ठळक पांढरी रेघ आणि मागे सावली देते, ती चुकत नाही. हार्मोनचं उपकरण चुकतं. त्याचा दांडा फिका दिसतो, फक्त वरचं आणि खालचं टोक चमकतं आणि मधल्या भागाची सावली पडते. तिथे टोकं शोधू नका, सावली शोधा. थ्री-डी असेल तर कोरोनल, म्हणजे पिशवी समोरून दिसेल असा, छेद घ्या, टी चा आकार एका चित्रात येतो.

पिशवीत तांबी नाहीच दिसली तर? कॉपर-टीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट असतं, एक्स-रेवर ती स्पष्ट दिसते. पण बाईला त्रास नसेल तर गरोदरपणात घाई करायचं कारण नाही, बाळंतपणानंतर करा. पोटात तीव्र दुखणं, आतडं अडकल्याची लक्षणं असतील तर मात्र एक्स-रेला घाबरू नका. पोटाच्या एका फिल्ममध्ये बाळापर्यंत साधारण ०.१ ते ३ मिलिग्रे पोचतं, आणि ५० मिलिग्रेच्या खाली बाळाला व्यंग आल्याचं दिसलेलं नाही.

---

दुर्बीण यांचं उत्तर

बाराव्या आठवड्यानंतर तांबी ओढू नये, ही जी रेषा सांगतात ती कुठून येते ते सांगतो, म्हणजे ती यांत्रिकपणे पाळली जाणार नाही.

तांबी गर्भजलात तरंगत नसते. ती पडद्यांच्या बाहेर, पडदे आणि पिशवीच्या अस्तराच्या मधल्या फटीत असते. सुरुवातीच्या आठवड्यांत ही फट मोकळी असते, तांबी पडद्यांना न फाडता बाहेर येऊ शकते. बाराव्या आठवड्यानंतर वाढता कोश अस्तराला चिकटत जातो आणि सोळाव्याच्या सुमारास फट जवळजवळ मिटते. त्यानंतर ओढलेली तांबी पडदे घेऊनच यायची शक्यता वाढते. म्हणून ही रेषा. पण बारा आठवडे तीन दिवस झालेत, दांडा तोंडातून अर्धा बाहेर दिसतो आहे, अशा बाईला "वेळ गेली" म्हणून परत पाठवणं चुकीचं. तिथे तांबी फटीत नाहीच, ती तोंडात आहे, तिला हलकेच खेचता येतं.

तुमच्या अकराव्या आठवड्याच्या बाईत मी असं करतो. स्पेक्युलम घालून आधी तोंडाच्या नळीचा खालचा भाग बघतो. दोरा तिथेच गुंडाळलेला असेल तर सायटोब्रश (बारीक ब्रश) हलक्या हाताने एकदा फिरवला की पुष्कळदा खाली येतो. ब्रश आतल्या छिद्राच्या वर न्यायचा नाही. आंधळेपणाने हूक घालणं, साउंडने (पिशवीची लांबी मोजायच्या सळईने) चाचपणं, क्युरेटने खरवडणं, हे गर्भ हवा असलेल्या बाईत पूर्ण वर्ज्य. गर्भ नसलेल्या पिशवीत हरवलेला दोरा शोधायची जी सवय हाताला लागलेली असते, तीच इथे कोश फोडते. बिनदोऱ्याच्या तांबीत गर्भ पडण्याचं टाळता येण्यासारखं कारण बहुतेकदा तो हूकच असतो.

दोरा नाही मिळाला आणि तांबी कोशाच्या खाली असेल, तर पोटावरून सोनोग्राफी चालू ठेवून बारीक अॅलिगेटर फोर्सेप्सने दांड्याचं टोक पकडता येतं. मूत्राशय थोडं भरलेलं असू द्या, चित्र स्वच्छ येतं. दुसरा पर्याय बारीक हिस्टेरोस्कोप (पिशवीत घालायची दुर्बीण), पाण्याचा दाब शक्य तितका कमी ठेवून. दोन्ही पहिल्या तिमाहीतच, सवय असलेल्या हाताने, आणि गर्भ गेला तर पुढचं सांभाळायची सोय असलेल्या ठिकाणी. तशी सोय जवळ नसेल तर बाईला तिकडे पाठवा, स्वतः प्रयोग नको. आणि पाठवायचं तर त्याच आठवड्यात, अकराव्याचा बारावा व्हायला वेळ लागत नाही.

तांबी कोशाच्या वर असेल, वारेच्या मागे असेल किंवा तेरावा-चौदावा ओलांडला असेल, तर ती राहू द्यायची. तो हलगर्जीपणा नव्हे, तोच कमी धोक्याचा मार्ग आहे.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. गर्भ नकोच असेल तर क्रम बदलतो का? आणि राहू दिलेली तांबी बाळाला टोचते, डोक्यात रुतते, अशी जी भीती घरोघरी असते, तिला काय उत्तर द्यायचं?

---

लेबर रूम

गर्भ नको असेल, आणि तिथला कायदा ज्या मुदतीत परवानगी देतो त्या मुदतीत असेल, तरी पहिली पायरी तीच. गर्भ पिशवीत आहे का? मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या गोळ्या नळीतल्या गर्भावर काम करत नाहीत, गोळ्यांनी रक्त जातं, बाई समजते झालं, आणि नळी आठवड्याने फुटते. गोळ्या देण्याआधी तांबी काढलीच पाहिजे. मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम आणि २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम हा नेहमीचा क्रम त्यानंतर. दोरे मिळत नसतील तर गोळ्यांपेक्षा व्हॅक्यूमने पिशवी रिकामी करणं बरं, त्याच वेळी तांबीही काढता येते. आधी तांबी, मग सक्शन.

गर्भ नळीत निघाला तर मेथोट्रेक्सेट (गर्भाची वाढ थांबवणारं इंजेक्शन), प्रति चौरस मीटर ५० मिलिग्रॅम स्नायूत, हे फक्त स्थिर असलेल्या बाईला, बाळाचे ठोके नसताना आणि यकृत-मूत्रपिंडाचे रिपोर्ट ठीक असताना. चौथ्या आणि सातव्या दिवसाच्या एचसीजीत १५ टक्के घट दिसली पाहिजे. नळीतल्या गर्भासाठी तांबी काढणं अपरिहार्य नाही. बाईला पुढेही तीच चालणार असेल आणि संसर्ग नसेल तर ठेवता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

टोचण्याच्या भीतीला उत्तर दुर्बीण सरांनी दिलंच आहे. बाळ पाण्याच्या पिशवीत, तांबी तिच्या बाहेर. कॉपरच्या तांबीमुळे बाळात व्यंग वाढल्याचं आढळलेलं नाही. बाईला हे ठाम आवाजात सांगा, कारण या भीतीपोटी हवा असलेला गर्भ पाडून घेणाऱ्या बायका असतात. हार्मोनच्या उपकरणातून सुरुवातीला दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल सुटतं. त्यात वाढलेल्या बाळांची माहिती तुलनेने थोडी आहे, मुलीच्या बाह्य जननेंद्रियांवर पुरुषी परिणाम झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत. म्हणून ते काढता येत असेल तर काढण्याकडे कल थोडा जास्त, आणि राहिलंच तर १८ ते २२ आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी चुकवायची नाही.

खरा धोका टोचण्याचा नाही. जंतूंचा आहे, आणि अपुऱ्या दिवसांत कळा सुरू होण्याचा.

---

अतिदक्षता यांचं उत्तर

तिसऱ्या बाईबद्दल, सोळावा आठवडा आणि ताप. इथे तासांचा हिशेब आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डाल्कन शील्ड नावाची तांबी चालायची. तिची शेपटी अनेक बारीक तंतू एका आवरणात भरून केलेली होती. वातीतून तेल चढावं तसे योनीतले जंतू त्या तंतूंतून पिशवीत चढत. तांबी आत असताना दिवस गेलेल्या बायकांना दुसऱ्या तिमाहीत जंतुसंसर्गाचा गर्भपात झाला, काही दगावल्या, आणि १९७४ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून काढली गेली. आजच्या तांब्यांचा दोरा एकसंध तंतूचा असतो, तो धोका पुष्कळ घटला आहे. पण त्या काळातली एक नोंद आजही उपयोगाची आहे. सुरुवात फ्लूसारखी होती. अंग दुखणं, थंडी, थोडी मळमळ. पोटात दुखणं आणि स्राव नंतर आला, काही जणींत तोपर्यंत उशीर झाला होता.

त्यामुळे नियम असा ठेवा. तांबी आत असलेल्या गरोदर बाईचा ताप, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत, पिशवीतला. घसा लाल दिसला म्हणून पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवायचं नाही. नाडी, श्वासाचा वेग, रक्तदाब, पिशवीवर दाबल्यावर दुखतं का, स्रावाला वास आहे का, बाळाचे ठोके. रक्ताची मोजणी, लॅक्टेट (संसर्ग किती गंभीर ते दाखवणारी तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), रक्त आणि लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघणं), रक्त गोठण्याच्या तपासण्या. कल्चर आधी घ्या, पण त्यासाठी औषध थांबवू नका.

संसर्गाची खात्री वाटली की तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक. अँपिसिलिन २ ग्रॅम दर ६ तासांनी, जेंटामायसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी. क्रिएटिनिन चढलेलं असेल किंवा पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर पर्याय वरिष्ठांना विचारून. रक्तदाब पडला असेल किंवा लॅक्टेट ४ च्या वर असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर सलाइन. कॅथेटर घाला, लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटरच्या खाली जाऊ देऊ नका.

आणि इथे सगळ्यात जास्त चूक होते. "आधी दोन दिवस अँटिबायोटिक देऊ, ताप उतरला की पिशवी रिकामी करू." असं करायचं नसतं. जंतूंचं घर पिशवीत आहे, तिथे तांबी आहे, औषध तिथे पुरेसं पोचत नाही. पहिले डोस गेले, सलाइन चालू झालं, रक्ताची सोय झाली की पिशवी रिकामी करायची, काही तासांत. सोळाव्या आठवड्यात ते मिसोप्रोस्टॉलने किंवा अनुभवी हाताने डायलेटेशन आणि इव्हॅक्युएशनने (तोंड रुंद करून उपकरणांनी पिशवी रिकामी करणं). बाळाचे ठोके चालू असले तरीही, पिशवीत संसर्ग ठरला की त्या वयाच्या गर्भाला वाचवता येत नाही आणि थांबण्यात आई जाते. हे नातेवाइकांना सांगणं फार जड असतं. सांगावंच लागतं, आणि स्पष्ट शब्दांत. पिशवी रिकामी करूनही नाडी खाली येत नसेल, पोटाच्या भिंतीत किंवा पिशवीत हवेचे बुडबुडे जाणवत असतील, तर गॅस तयार करणारे जंतू समजा आणि पिशवी काढण्याची तयारी ठेवा. शिरेतलं औषध ताप पूर्ण गेल्यानंतर ४८ तास चालू.

एक गोष्ट नवजात शिशूंच्या डॉक्टरांसाठी. तांबी आत राहिलेल्या गरोदरपणात कॅन्डिडा बुरशीचा गर्भजलातला संसर्ग एरवीपेक्षा जास्त आढळतो. आईला ताप नसूनही तो असू शकतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, अंगावर पुरळ आहे, नाळेवर पिवळट-पांढरे ठिपके आहेत, तर "आत तांबी होती" हे त्यांना आवर्जून सांगा. ते कळलं तर ते बुरशीविरोधी औषधाचा वेळीच विचार करतात, नाहीतर जिवाणूंच्या औषधांवर दिवस जातात.

---

वॉर्ड सिस्टर यांचं उत्तर

राहू दिलेल्या तांबीच्या पुढच्या महिन्यांबद्दल आणि बाळंतपणाबद्दल लिहिते. काम वॉर्डात होतं आणि तिथेच विसरलं जातं.

फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहा, "तांबी आत आहे", शेवटच्या सोनोग्राफीची तारीख आणि जागा. गरोदर कार्डावरही तेच, कारण कळा सुरू झाल्यावर बाई भलत्याच रुग्णालयात पोचू शकते. दर भेटीत चारच गोष्टी विचारायच्या. अंगावरून रक्त, पाणी, घाण वास, ताप. लघवी तपासा, योनीचा संसर्ग दिसला तर लगेच उपचार करा. दुसऱ्या तिमाहीत योनिमार्गे सोनोग्राफीने तोंडाची लांबी मोजून घेणं मला शहाणपणाचं वाटतं, कारण अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याचा धोका या बायकांना स्पष्टपणे जास्त असतो. वार सुटण्याचाही. सक्तीच्या पलंगावरच्या विश्रांतीने तो कमी होत नाही, बाईला महिनोन्‌महिने झोपवून ठेवू नका.

२४ ते ३४ आठवड्यांच्या मधे कळा लागल्या, पाणी गेलं, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम २४ तासांच्या अंतराने दोनदा, किंवा डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम १२ तासांच्या अंतराने चारदा. ३२ च्या आत बाळ होणार असं दिसलं तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट. पण संसर्गाचा संशय असेल तर कळा थांबवायची औषधं द्यायची नाहीत. कळा हीच शरीराची सुटका असू शकते.

तांबी आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. नेहमीसारखं बाळंतपण होऊ शकतं. वार पडली की ती बादलीत जाण्याआधी ट्रेमध्ये उघडून पसरा, चांगल्या उजेडात. तांबी बहुतेकदा पडद्यांना चिकटलेली किंवा वारेच्या कडेशी रुतलेली सापडते, कधी रक्ताच्या गाठीत. गाठी बोटांनी फोडून बघा, चादरीही झटका. सिझेरियन असेल तर टाके घालण्याआधी सर्जनला आठवण करून द्या, पिशवीच्या आतून हात फिरवून बघतील. सापडली तर लांबी आणि दोन्ही हात मोजून नोंद, दोन जणांच्या सह्या.

नाहीच सापडली तर तेही लिहा, "शोधली, सापडली नाही". घरी जाण्याआधी सोनोग्राफी, त्यात पिशवी रिकामी दिसली तर पोटाचा एक्स-रे, आणि फिल्म छातीच्या पडद्यापासून जांघेच्या हाडापर्यंत पूर्ण हवी. नुसत्या ओटीपोटाच्या फिल्मने वर सरकलेली तांबी चुकते. पोटात सापडली तर दुर्बिणीने काढतात, तांब्यामुळे भोवती आतडी आणि चरबी चिकटत जातात, म्हणून बाई सावरली की फार लांबवू नये.

तिला पुन्हा तांबीच हवी असेल तर संसर्ग नसताना बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा चार आठवड्यांनंतर बसवता येते. जुनी कुठे आहे हे ठरल्याशिवाय मात्र नवी बसवू नका, पुढे एक्स-रेवर दोन दिसतात आणि कोणती कोणाची हे कुणालाच सांगता येत नाही.

---

रात्रपाळी

वारेची आणि एक्स-रेची नोंद कुठे ठेवावी, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, आणि उत्तरही मिळालं. आमच्या कार्डावर "तांबी" हा रकानाच नाही. तो उद्या हाताने आखून घेते, खाली तीन ओळी, शेवटची सोनोग्राफी, दोरे दिसतात की नाही, आणि बाळंतपणात सापडली की नाही.